आवाज आला की बटण दाबा

कान तपासून घेण्यात भिण्यासारखं काय असतं, सांगा बरं? सुई नाही, चिरफाड नाही. एका बंद खोलीत बसायचं, हेडफोन लावायचे आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. शेंबडी पोरंसुद्धा हसत हसत करतात. आणि आपली धाकटी तर आयुष्यभर तेच काम करत आलेली. कानाच्या दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. पन्नाशी जवळ आली होती, पण दोघी बहिणींतली लहान म्हणून तिला सगळे अजून धाकटीच म्हणत.

त्या शुक्रवारी दुपारी पेशंट संपले, तशी ती डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, आज माझे कान बघाल?"

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "का गं? आचाऱ्याला अपचन झालं वाटतं!"

धाकटी हसली. पण ते हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. कारण काय सांगणार? नवरा म्हणतो, तुला ऐकू येत नाही. म्हणजे ऐकू येतं, पण भलतंच येतं. तो जे बोलतो ते हिच्या कानात शिरत नाही आणि जे कधी बोललाच नाही ते हिला पक्कं आठवतं. असं तो म्हणतो. आजकाल नाही, लग्न झाल्यापासून म्हणतो.

नवरा गणिताचा मास्तर. गल्लीत सगळ्यांचे लाडके सर. कुणाचं पोर नापास होवो, कुणाचा नळ फुटो, सर हजर. पीत नाहीत, हात उगारत नाहीत, पगार घरात. अशा माणसाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे माणसाने करायची तरी कशी? लोक म्हणतील, सुख टोचतंय. शेजारणीला एकदा सांगून पाहिलं, "घरी ते माझ्याशी पंधरा-पंधरा दिवस बोलतच नाहीत." शेजारीण म्हणाली, "नशीबवान आहेस बाई, आमचं येडं तोंड मिटत नाही."

झालं. पुन्हा कुणाला सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

एक गोष्ट मात्र तिच्या घशात काट्यासारखी अडकून होती. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा नवरा म्हणाला होता, "आज पाहुणे यायचेत, आज जायचं नाही. उद्या जा." ती उद्या गेली. आई रात्रीच गेली होती. आणि वर्षभराने विषय निघाला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मी कधी अडवलं तुला? तूच म्हणालीस, उद्या जाते. आता माझ्यावर ढकलू नकोस." इतक्या शांतपणे म्हणाला की तिला वाटलं, असेलही. मीच म्हणाले असेन. थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तेव्हापासून तो विषय काढला नाही आणि धाकटीला माफही केलं नाही.

तरी रक्ताचं नातं ते. ताईने गेल्या आठवड्यात फोन केला. "तुझा आवाज ऐकवत नाही मला. मागची खोली रिकामी केलीय. शनिवारी सकाळी गाडी घेऊन खाली उभी राहते. यायचं तर ये, नाहीतर हात हलवून सांग, मी जाईन. पुन्हा विचारणार नाही मात्र."

शनिवार म्हणजे उद्या. आणि धाकटीच्या डोक्याचा नुसता भुगा झालेला. जावं, तर वाटे, तो म्हणतो ते खरं असलं तर? आपलंच डोकं फिरलेलं असलं, तर बिचाऱ्याचा काय दोष? राहावं, तर वाटे, अजून वीस वर्षं? 

त्यात भर म्हणून परवा शेजारणीने जिन्यात अडवलं होतं. "काय गं, काल दुपारी खिडकीत बसली होतीस, एवढे हात केले तर बघितलंसुद्धा नाहीस. राग आलाय का?" शेजारीण सांगत होती त्या दुपारी धाकटी दवाखान्यात होती. शेजारीण काही खोटं बोलणारी नव्हे. मग?... म्हणजे सर म्हणतात तेच बरोबर की काय? कुठे होतो, काय केलं, काहीच ध्यानात राहत नाही की काय?

म्हणून तिने कान तपासायचे ठरवले. निदान एवढं तरी कळू दे.

ती खोली तुम्ही पाहिली नसेल. खोली कसली, माणसाएवढं कपाटच. भिंतींना जाड गाद्या, पायाखाली गालिचा, दार एवढं जड की ढकलताना खांदा लावावा लागतो. एक खुर्ची, एक खुंटी, समोर छोटी काच. आत रबराचा आणि हजार परक्या डोक्यांच्या तेलाचा वास. दार लागलं की जग बंद. स्वतःचं थुंकी गिळणं ऐकू येतं, थोड्या वेळाने काळीजही. नवखे लोक तिथे घाबरतात. धाकटी कधी घाबरली नव्हती. तीच तर तिची विसाव्याची जागा. मधल्या सुट्टीत आत जाऊन नुसती बसायची.

बाहेर मशीनपाशी बाई बसल्या. आतल्याने बटण दाबलं की मशीनवर एक पिवळा दिवा लागतो. त्या दिव्यावर सगळा खेळ. तपासणाऱ्याने अधूनमधून मुद्दाम काहीच आवाज सोडायचा नसतो. नुसती शांतता. त्या शांततेतही जो बटण दाबतो, त्याचा कान खराब नसतो, जीव घाबरलेला असतो. आपलं चुकेल, कुणी रागावेल, म्हणून दाबतो. अशा पेशंटना धाकटी मनातल्या मनात 'घाबरट कान' म्हणायची. कुणाच्या घरात कोण ओरडतं हे तिला असं बसल्या जागी कळायचं.

तपासणी झाली. बाईंनी दार उघडलं.

"कान कसले, वटवाघूळ आहेस तू. तरण्या पोरींनासुद्धा एवढं ऐकू येत नाही."

"मग ठीक आहे ना सगळं?"

"कान ठीक आहेत." बाईंनी मशीनकडे पाहिलं. "मी काही सोडलं नव्हतं तेव्हाही दिवा लागला गं."

धाकटीचा चेहरा उतरला. म्हणजे मीही घाबरट कानांचीच. "सवय असेल, बाई. चुकून दाबलं असेल."

"तेच म्हणते मी. मध्येच तू बटण खुंटीला अडकवून डोळे पुसत होतीस, काचेतून दिसत होतं मला. दोन्ही हात तोंडावर. तेव्हाही लागला." मग स्वतःशीच मान हलवून बाई म्हणाल्या, "वायर गेली असणार. मेली जुनी झालीय मशीन. उद्या कुणाला तरी बोलव बघायला." आणि पर्स उचलून त्या घरी गेल्यासुद्धा.

दवाखान्यात धाकटी एकटी राहिली. बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं, रस्त्यावर गाड्यांचे भोंगे चालले होते. भूतबाधेची वेळच नव्हे ती. वायर बघावी म्हणून ती मशीनपुढे बसली. काचेतून आत पाहिलं. खुर्ची रिकामी. बटण खुंटीवर लोंबतंय.

तिने एक सूर सोडला.

दिवा लागला.

वायरच, दुसरं काय. तिने थोडा थांबून पुन्हा सोडला. पुन्हा लागला. बरोबर सुरापाठोपाठ. वायर खराब असती तर केव्हाही लागला असता ना? तिने आवाज बारीक केला. आणखी बारीक. जिथे भल्याभल्यांचे कान हात टेकतात तिथवर नेला. दिवा लागतच होता. मग तिने आवाजाची कळ पार शून्याच्या खाली नेली, जिथे माणसाला काही ऐकू येणं शक्यच नाही.

दिवा लागला. जरासुद्धा न चाचरता.

 आत कुणीतरी बसलं होतं, आणि जे बसलं होतं त्याला न बोललेलंही ऐकू येत होतं. किल्ली कुलपात कशी फिरली यावरून आजचा दिवस कसा जाणार हे कळावं, असे कान. असे कान एका दिवसात होत नाहीत. त्यांना वर्षानुवर्षं घडवावं लागतं. हे कान कुणाचे, हे तिने ओळखलं आणि ओळखलं म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

पळून जायला हवं होतं. तुम्ही-आम्ही पळालो असतो. ती पळाली नाही. तिने पेशंटशी बोलायचा माइक ओढला. 

"मी... उद्या जाऊ का?"

दिवा लागला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जा म्हणतंय! पण मनाची खात्री होईना, म्हणून तिने उलटं विचारून पाहिलं. "की... राहू?"

दिवा लागला.

"अगं, एक काय ते सांग ना..."

दिवा लागला.

आता काय करायचं? त्या बटणाला 'हो' कळत नाही, 'नाही'ही कळत नाही. ते एकच बोलतं. ऐकू आलं. एवढंच. ती डोकं धरून बसली. कौल मागायला गेली आणि गुंता वाढवून बसली. आणि तरी, खरं सांगायचं तर, तिला बरंही वाटलं. एवढ्या वर्षांत तिचं बोलणं ऐकू आलं असं कुणी कधी म्हणालं होतं?

मग तिच्या तोंडून आपोआप निघालं. "आईच्या वेळी... मी थांबले नव्हते. त्यांनीच मला थांबवलं होतं."

दिवा लागला, आणि या वेळी तो विझलाच नाही. तसाच पिवळाजर्द जळत राहिला. तिने मशीनचं बटण बंद केलं, तरी जळत राहिला. तिने भिंतीतली पिन उपटली. तेव्हा कुठे तो सावकाश विझत गेला. तिने काचेतून पाहिलं. खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली, कुणी उठल्यावर येते तशी.

आतल्या खोलीचं दार तर बाईंनी उघडंच टाकलं होतं.

धाकटी चपला हातात घेऊन बाहेर पडली ती थेट घरी. काय गंमत बघा. जिथून पळायचं होतं तिथेच पळत आली. माणसाच्या पायांना सवयीशिवाय दुसरं शहाणपण नसतं.

नवरा टेबलाशी पेपर तपासत बसलेला. त्याने मान वर केली नाही.

"आता आणि कुठे गेली होतीस?"

"म्हणजे? मी आत्ताच येतेय दवाखान्यातून."

"पुन्हा सुरू झालं तुझं." तो कंटाळून म्हणाला. "आत्ता तर इथे बसली होतीस. हा चहा काय आकाशातून पडला?"

टेबलावर कप होता. वाफ येत होती. नवऱ्याने उभ्या जन्मात चहा केला नव्हता. की आजच केला, हिला चकवायला? तो तसं करू शकतो, हे तिला माहीत होतं. आणि तसं नसेल, तर त्याहून वाईट काय असेल, हेही ती आत्ताच बघून आली होती. आजवर तो खोटं बोलतो की मी वेडी, एवढाच प्रश्न होता. आता तिसरंच काहीतरी घरात आलं होतं आणि ते सरांच्या बाजूने साक्ष देत होतं. तिला काही म्हणजे काही कळेनासं झालं.

सकाळी खाली ताईच्या गाडीचा हॉर्न वाजला.

तिने एक बॅग भरली होती. ती का भरली, विचाराल तर तिलाही सांगता आलं नसतं. नवरा पेपरांतच. म्हणाला, "जा. खुशाल जा. पण तिथे जाऊन काय करणार? तिथेही तूच असणार आहेस."

तिचे पाय दारातच थिजले. खरंच की. तिथेही मीच. जायचं नाही, असं तिने ठरवलं. पण ताईला वरून हात हलवून घालवून देणं बरं दिसत नाही, एवढी लांबून आलीय, खाली जाऊन नीट सांगावं, म्हणून ती जिना उतरली. ताईने गाडीचं दार उघडून धरलं होतं.  धाकटी सांगायला वाकली आणि आत बसली. अशी ती निघाली. लोक उगाच म्हणतात की फार विचार करून घर सोडतात. गाडी वळली तेव्हा तिने खिडकीकडे वर बघितलं नाही. बघायचंच नाही असं तिने दात घट्ट आवळून ठरवलं होतं.

ताईकडे मागची खोली स्वच्छ केलेली, पलंगावर नवी चादर. धाकटीने बॅग उघडली नाही. रविवार उजाडला तरी बॅग तशीच दाराशी. ताई बघत होती. परत जायचं की राहायचं, हे त्या बॅगेलाही माहीत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. फोन वाजला. धाकटीचे हात साबणाने भरलेले, म्हणून ताईने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"तू... कुठे आहेस?" नवरा कुजबुजत होता. हा आवाज धाकटीने कधी ऐकला नव्हता.

"ताईकडे. तुम्हाला माहीत आहे की."

"मग... इथे कोण बसलंय?"

नळ चालू होता. ताईने तो हळूच बंद केला.

"कालपासून बसलीय. तू गेल्यावर मला वाटलं, परत आलीस. जेवत नाही. झोपत नाही. मी मनातल्या मनात काही बोललो तरी माझ्याकडे बघते... आणि एकच विचारते."

"काय विचारते?"

"आईच्या वेळी मला कोणी थांबवलं?" त्याला धाप लागली होती. "मी सांगितलं, तूच थांबलीस. पुन्हा विचारते. दिवे घालवले तरी... अंधारातून विचारते. तू ये गं. तू आलीस की ही जाईल. तू ये."

बघा, सवय किती वाईट! धाकटीने हात पुसायला घेतले. एक पाऊल बॅगेकडे पडलंसुद्धा. बिचारा एकटा आहे, घाबरलाय. ताईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"हो, मीच!" फोनमधून एकदम ओरडणं आलं. तो हिच्याशी बोलतच नव्हता. "मीच म्हणालो होतो, आज जायचं नाही! फोनची वायरही मीच काढून ठेवली होती, तिच्या बहिणीचे फोन येतील म्हणून. झालं समाधान? आता ऊठ... ऊठ तिथून..."

ताईच्या हातातली ताटली ओट्यावर आपटली. आई गेली त्या रात्री ताईने सारखे फोन लावले होते. आई धाकटीचं नाव घेत होती म्हणून.

पलीकडे खाकरण्याचा आवाज. आणि मग वर्गात फळ्यापाशी उभं राहून बोलावं तसा, स्वच्छ, हसरा आवाज आला.

"हॅलो? काय गं? काय म्हणत होतीस?"

"मी... तुम्हीच म्हणालात ना आत्ता, आईच्या वेळी..."

"मी? मी कुठे काय म्हणालो? फोन तू केलास. नुसती ऐकत बसलीस." तो काळजीने म्हणाला. "तुला बरं वाटत नाहीये. ताईला दे बघू फोन."

धाकटीने ओठ उघडले. 'चुकलं माझं' हे शब्द ओठांवर आलेच होते. वीस वर्षं तयारच असायचे ते. तेवढ्यात ताई फोनवर वाकली.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "शब्द न् शब्द ऐकलाय मी."

पलीकडून फोन ठेवल्याचं ऐकू आलं आणि पडदा काळा झाला.

ताईने साबणाच्या हातांसकट धाकटीला पोटाशी धरलं आणि दोघी लहान पोरींसारख्या रडल्या. "मला वाटायचं तू आली नाहीस गं," ताई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मला वाटायचं तुला यायचंच नव्हतं." धाकटीला खूप वर्षांनी पोटभर श्वास घेता आला. मी वेडी नाही. कुणीतरी ऐकलंय. तिने डोळे पुसले, बॅग ओढली, पलंगावर पालथी केली आणि कपडे फळीवर लावायला घेतले. "नाही जायची मी," ती मोठ्याने म्हणाली. स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून मोठ्याने म्हणाली.

ताई दारात उभी राहून बघत होती. जरा वेळाने म्हणाली, "एक विचारू? तो बोलत होता ना, तेव्हा मागे कोण गुणगुणत होतं?"

"कुठे? मला नाही आलं ऐकू."

"असं कसं? सारखं चाललं होतं. लग्नाआधी कपडे वाळत घालताना तू गुणगुणायचीस ना... अगदी तसंच. तोच आवाज."

धाकटीच्या हातातली घडी तशीच राहिली. परवाच तपासलेले कान तिचे, वटवाघळाचे. तिने एक अक्षर ऐकलं नव्हतं. लग्नानंतर आपण कधी गुणगुणलो होतो का, हेही तिला आठवेना.

"तुला भास झाला असेल, ताई."

ताईने ओठांवर बोट ठेवलं. ती मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत होती. ओट्यावर फोन काळा, बंद पडून होता.

"हे काय," ताई अगदी हळू म्हणाली, "अजून येतंय की."

धाकटीने कान दिला, श्वास रोखला, डोळे मिटले. तिला काहीच ऐकू आलं नाही.